जुन्या स्पोर्ट्स कारला बाहेरचा हेडर बसवताना: ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या स्पोर्ट्स कार मोजक्याच आहेत, पण ज्यांच्याकडे आहेत ते कधी ना कधी हेडरच्या विषयाशी येऊन पोचतातच. खालची उत्तरं मुख्यतः एमजीबीला धरून दिली आहेत. ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली, तिचे पार्ट अजून मिळतात आणि तिच्यात येणाऱ्या अडचणी बाकीच्या गाड्यांतही थोड्याफार फरकाने येतात. ट्रायम्फ स्पिटफायर किंवा डॅटसन २४०झेड असेल तरी बरंचसं लागू पडेल.

हेडर म्हणजे नक्की काय? मूळ मॅनिफोल्डमध्ये काय कमी असतं?

मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून निघालेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग, बिडाचा, ओतीव असतो. सिलिंडरमधून निघालेला जळका वायू त्यात थोड्याच अंतरावर एकमेकांत मिसळतो. हेडरमध्ये प्रत्येक पोर्टला, म्हणजे सिलिंडर हेडमधून वायू बाहेर पडण्याच्या तोंडाला, स्वतःचा लांब पाइप असतो आणि हे पाइप पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात.

फायदा होतो तो लाटेमुळे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून पुढे जाते आणि पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. ती परत पोचते तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून उघडा असेल आणि इनटेक व्हॉल्व्ह नुकता उघडत असेल, तर सिलिंडरमध्ये राहिलेला जळका वायू ओढला जातो आणि ताजं मिश्रण आत यायला मदत होते. लाटेच्या जाण्यायेण्याचा वेळ पाइपाच्या लांबीवर ठरतो. त्यामुळे हा फायदा सगळ्या आरपीएमला मिळत नाही, एका पट्ट्यातच मिळतो. लांब पाइप मधल्या आरपीएमला चांगले, आखूड वरच्या.

पॉवर किती वाढेल?

एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन सुरुवातीच्या गाड्यांत ९५ हॉर्सपॉवरचं होतं. नुसता हेडर लावून, बाकी काहीही न बदलता, चार-पाच हॉर्सपॉवर मिळाले तरी खूप झालं. या गाडीचा मूळ मॅनिफोल्ड बिडाचा असला तरी डिझाइन म्हणून बरा आहे, त्याला दोन स्वतंत्र तोंडं आहेत. हेड पोर्ट केलेलं (आतले मार्ग घासून मोठे केलेले) असेल, कॅमशाफ्ट बदलला असेल तर हेडरचा हिशेब वेगळा होतो. तसं काही केलेलं नसेल आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असेल, तर ते पैसे आधी व्हॉल्व्ह आणि इग्निशनवर घाला. हेडर हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

मग बसवायचा तरी कशाला?

मूळ मॅनिफोल्डला तडा गेला असेल तर, वजन कमी करायचं असेल तर, किंवा पुढे हेड आणि कॅमचं काम करायचं नक्की ठरलं असेल तर. आणि छान दिसतो म्हणून बसवला तरी कोणाची हरकत नाही. फक्त मग पॉवरच्या गप्पा मारू नयेत.

इंजिन चार सिलिंडरचं आणि हेडरला पाइप तीनच! चुकीचा माल आला का?

नाही, बरोबर आहे. या इंजिनाच्या हेडला एक्झॉस्टचे पोर्टच तीन आहेत. एक नंबर आणि चार नंबरचे वेगळे, मधल्या दोन आणि तीन नंबरचा सामायिक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे दोन आणि तीन नंबरचे स्फोट ३६० अंशांच्या अंतराने होतात, म्हणून एका पोर्टात ते एकमेकांना फारसे आडवे येत नाहीत. असा हेडर विकत घेताना मधला पाइप लांब असलेलाच घ्या. तिन्ही पाइप आखूड ठेवून चटकन एकत्र केलेले स्वस्त हेडरही मिळतात, त्यांचा मूळ मॅनिफोल्डवर काडीचाही फायदा नाही.

ज्या गाडीच्या हेडला चार वेगळे पोर्ट आहेत तिथे चारातून दोन आणि दोनातून एक, की चारातून थेट एक, हा प्रश्न येतो. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर पहिला प्रकार. त्यात एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या हव्यात. बनवणाऱ्याने एक-दोन आणि तीन-चार जोडले असतील तर तो हेडर परत करा.

माइल्ड स्टील घ्यावं की स्टेनलेस?

खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धरला तर साधा रंगवलेला माइल्ड स्टीलचा हेडर इथे लवकर गंजतो, कारण तो रंग पहिल्या काही तापण्यांतच उडतो. माइल्ड स्टील घ्यायचंच असेल तर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग करून घ्या.

३०४ ग्रेडचं स्टेनलेस गंजाच्या बाबतीत निर्धास्त, पण ते तापल्यावर जास्त फुगतं. अर्धा मीटरचा पाइप ५०० अंशांनी तापला तर माइल्ड स्टीलचा साधारण ३ मिमी वाढतो, ३०४ चा ४ मिमीच्या वर. हे वाढणं कुठेतरी सामावलं गेलं पाहिजे. दोन्ही टोकं घट्ट बांधून ठेवली तर तडा वेल्डिंगच्या कडेला जातो. म्हणून कलेक्टरनंतर सरकता जॉइंट किंवा लवचीक जाळीचा तुकडा हवा, आणि सायलेन्सर रबरी हँगरवर टांगलेला हवा. पाइपाची जाडी १.६ मिमी घ्या. १.२ मिमीचा पाइप हलका असतो, पण टिणटिण वाजतो.

बाहेरून मागवावा की इथेच बनवून घ्यावा?

एमजीबीसाठी तयार मिळतो, तेव्हा मागवणं सोपं. किंमत बघताना कस्टम ड्युटी आणि भाडं धरूनच हिशेब करा. हेडर वजनाने फार नसला तरी आडमाप असतो आणि कुरिअरवाले खोक्याच्या मापाने भाडं लावतात.

तयार मिळत नसेल तर ठाणे-नवी मुंबईसारखी जागा नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाइप मिळतो, आणि रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात औषध आणि रसायनांच्या कारखान्यांची पाइपलाइन करणारे आर्गॉन वेल्डर आहेत. त्यांच्या हाताला जी सफाई असते ती सायलेन्सरवाल्याच्या हाताला क्वचितच असते. आणखी एक सोय म्हणजे डेअरी बेंड. दूध आणि औषधाच्या पाइपलाइनसाठी ३०४ चे तयार बेंड ३८.१ आणि ५०.८ मिमी बाहेरील व्यासात मिळतात. आतून गुळगुळीत, वळणावर कुठेही चेपलेले नाहीत. सायलेन्सरवाल्याच्या बेंडरवर पाइप वाकवला की वळणावर तो चपटा होतो आणि मग हेडर करण्यात अर्थच उरत नाही.

वेल्डरला एकच गोष्ट निक्षून सांगा: पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडायचा. नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला काळे, दाणेदार खडे धरतात. बाहेरून वेल्डिंग मोत्यांच्या माळेसारखं दिसत असलं तरी आत बोट घालून बघा. खरखरीत लागलं तर काम कच्चं आहे.

पाइप जितका मोठा तितकं चांगलं ना?

नाही. पाइप जास्त रुंद झाला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मलूल होते. माजिवड्याच्या सिग्नलवरून गाडी उचलताना हे लगेच कळतं.

काम सुरू करण्याआधी काय तयारी करावी?

आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी मॅनिफोल्डच्या सगळ्या स्टडवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टवर) गंज सोडवणारं तेल मारत राहा. मग बॅटरी काढा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे आजच्या सवयीने वायरी लावू नका. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली असतात.

पान्हे इंची लागतात. ५/१६ इंची नटाला १/२ इंचाचा पान्हा हवा, म्हणजे १२.७ मिमी. १३ चा पान्हा बसतो, पण किंचित सैल बसतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तिथेच गोल होतात. गॅरेजमधला पोरगा "बसतोय की" म्हणेल, त्याला थांबवा.

कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावेच लागतात, कारण ते एक्झॉस्टच्या डोक्यावर, त्याच बाजूला आहेत. काढण्याआधी लिंकेजचे आणि पाइपांचे फोटो काढून ठेवा. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोड्या लावा.

स्टड तुटला तर?

तुटणारच, मनाची तयारी ठेवा. हेडच्या बाहेर थोडा तुकडा उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारायचा आणि गरम असतानाच हळू पुढे-मागे करत काढायचा. उष्णतेने आटे सुटतात. हे करण्याआधी कार्बोरेटर, पेट्रोलचा पाइप, पेट्रोलने भिजलेलं फडकं, सगळं गाडीपासून लांब. स्टड हेडच्या आतच तुटला असेल तर घरी ड्रिल घेऊन बसू नका. वागळे इस्टेटमध्ये लेथ आणि मिलिंगची दुकानं ढिगाने आहेत, हेड उतरवून तिथे न्या.

नवीन स्टड घेताना काळजी घ्या. हेडमध्ये जाणारे आटे जाड पिचचे असतात, नटाकडचे बारीक. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे हार्डवेअरवाला एम-८ चा स्टड पुढे करतो. पिच जुळत नाही. एम-८ चा इंचाला साधारण २० आट्यांचा, हेडमधला १८ आट्यांचा. दोन-तीन वेढे जातो, मग जोर लावला की हेडमधले आटे खलास.

फ्लँजच्या जाडीचं एवढं काय आहे? सगळे त्याबद्दलच बोलतात.

कारण नव्वद टक्के तक्रारी तिथून येतात. फ्लँज म्हणजे मॅनिफोल्ड किंवा हेडर हेडवर जिथे टेकतो ती जाड पट्टी. नीट वाचा.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना खेटून आहेत, आणि मधले स्टड दोघांना सामायिक आहेत. स्टडवर एक मोठा, जाड वॉशर असतो. त्याची एक कड इनटेकच्या फ्लँजवर आणि दुसरी एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकते. एकाच नटाने दोन्ही दाबले जातात. मूळ दोन्ही भाग एकाच जाडीचे होते, त्यामुळे वॉशर सपाट बसायचा. हेडर आला की त्याची फ्लँज आठ मिमी असेल, दहा असेल, बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी वॉशर तिरका बसतो आणि जाड फ्लँजवर सगळा दाब जातो. पातळ बाजू सैल राहते.

एक्झॉस्ट सैल राहिला तर फुसफुस ऐकू येते, निदान कळतं तरी. इनटेक सैल राहिला तर काही ऐकू येत नाही. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग वर-खाली होतं, आणि मालक महिनाभर कार्बोरेटर फिरवत बसतो. बिचाऱ्या कार्बोरेटरचा काही दोष नसतो.

म्हणून गाडीवर चढवण्याआधी टेबलावर व्हर्निअर घेऊन बसा. प्रत्येक स्टडच्या जागी दोन्ही फ्लँजची जाडी मोजा आणि कागदावर लिहा. ०.१ मिमीच्या आतला फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर दोन उपाय. एक, जाड असलेली फ्लँज मिलिंगवर उतरवून घेणं. दुसरा, लेथवाल्याकडून पायरीचे वॉशर करून घेणं, म्हणजे वॉशरची पातळ फ्लँजकडची बाजू फरकाइतकी जाड. मला दुसरा उपाय बरा वाटतो, कारण मूळ इनटेकला हात लागत नाही. वॉशर कुठल्या स्टडचा आणि कुठली बाजू वर, ते पंचने खूण करून ठेवा.

दोन गास्केट एकावर एक लावून फरक भरून काढणारे मेकॅनिक आहेत. दोन महिने टिकतं ते.

आणखी एक तपासणी. हेडरची फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने केळ्यासारखी वाकलेली असू शकते. जाड काचेवर किंवा लेथवाल्याच्या सरफेस प्लेटवर पालथी ठेवा आणि फटीत फीलर गेज घाला. ०.२ मिमीची पट्टी सहज आत गेली तर फेसिंग करून घ्या. आणि पाइपचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा लहान नको. गास्केट दोन्हीवर ठेवून पेन्सिलने आखून बघा. पाइप थोडा मोठा असला तर चालतं, आत येणारी कड मात्र घासून टाकावीच लागते.

डॅटसन २४०झेड आणि स्पिटफायरमध्येही इनटेक-एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे हीच भानगड तिथेही. ज्या गाड्यांत ते समोरासमोरच्या बाजूंना आहेत, उदाहरणार्थ अल्फा रोमिओ स्पायडर, त्यांची यातून सुटका.

नट किती आवळायचे?

साधारण २० न्यूटन मीटर, म्हणजे १५ पौंड-फूट. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा अंतिम. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जायचं, दोन टप्प्यांत. आट्यांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावा, विशेषतः स्टेनलेसचे नट असतील तर, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं ते कापूनच काढावं लागतं. पितळेचे लांब नट सगळ्यात उत्तम.

पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आवळा, आणि दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा. गरम असताना नको.

पाइप कुठे कुठे लागू शकतो?

नट हाताने लावून हेडर टांगा आणि चारी बाजूंनी बोट फिरवा. इंजिन माउंटिंगचं रबर, चेसिसचा दांडा, गिअरबॉक्सचा आडवा मेंबर, ब्रेक आणि क्लचचे पाइप. निदान दोन सेंटीमीटरची मोकळीक हवी, कारण रेस केल्यावर इंजिन माउंटिंगवर डोलतं. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या एमजीबीत स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या बाजूला आहे. डावं स्टिअरिंग असलेली, बाहेरून आलेली गाडी असेल तर दांडा हेडरच्या अगदी जवळून जातो, तिथे जास्त लक्ष द्या.

आणि जमिनीपासूनची उंची बघा. कलेक्टरचा जॉइंट हा बहुतेक हेडरमध्ये सगळ्यात खाली येतो. दोन माणसं बसवून, टाकी भरून मोजा. सोसायटीच्या गेटमधला स्पीडब्रेकर कुणी मापाने बांधलेला नसतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी काही करायचं असतं का?

हेडर थिनरने पुसून घ्या, मग त्याला उघडा हात लावू नका. स्टेनलेसवर बोटांचे तेलकट ठसे राहिले तर पहिल्याच तापण्यात ते भाजून पक्के होतात आणि नंतर पॉलिशनेही जात नाहीत. चालू केल्यावर दहा मिनिटं थोडा धूर आणि वास येईल, ते चालायचंच. पाइप सोनेरी आणि मग निळसर होतील, तेही.

लीक शोधायला साबणाचं पाणी वापरा: इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा मागून सायलेन्सरमध्ये सोडायची आणि सांध्यांवर फेस येतो का बघायचं. उदबत्ती फिरवायची युक्ती काही जण सांगतात. कार्बोरेटर त्याच बाजूला असताना पेटती उदबत्ती? नको.

लीक किरकोळ समजू नका. छत लावून, खिडक्या बंद करून चालवताना कार्बन मोनॉक्साइड फायरवॉलच्या भोकांतून आत येतो. त्याला वास नसतो. डोकं जड झालं तर गाडी थांबवा आणि बाहेर या.

हेडरनंतर गाडी आधीपेक्षा वाईट चालते. असं का?

वर सांगितलेला इनटेकचा लीक आधी तपासा. थंड इंजिन नुकतं चालू करून फ्लँजच्या कडेला पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथे हवा शिरते आहे. गरम हेडरवर कार्ब क्लीनर मारून तपासणं म्हणजे आगीला आमंत्रण.

लीक नसेल तर कार्बोरेटर. इंजिनाचा श्वास बदलला की मिश्रणही बघावं लागतं, आणि यात आता पंपावरच्या पेट्रोलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग, तर या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी आधीच पातळ चालते आहे, आणि त्यात तुम्ही हेडर लावलात.

एमजीबीच्या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरला बाजूला एक छोटी पिन असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ती हळूच, एक मिलिमीटरच्या आत, वर ढकला. आरपीएम क्षणभर वाढून परत जागेवर आले तर मिश्रण बरोबर. वाढून तसेच राहिले तर जाड. पडायला लागले तर पातळ. पातळ असेल तर जेटचा नट खाली, एका वेळी एकच कड फिरवायची, दोन्ही कार्बोरेटरांची सारखी. मागाहूनच्या एचआयएफ कार्बोरेटरला नट नसून बाजूला स्क्रू आहे. हे करण्याआधी दोन्ही डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या नळीतलं) तेल बघा. अर्ध्या गाड्यांत ते सुकलेलं असतं.

आयडलिंग बरोबर आणि वर गाडी ओढत नाही, असं असेल तर नट फिरवून उपयोग नाही, नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई) बदलावी लागते. नटाने मिश्रण सगळीकडेच सारखं सरकतं, नीडलने हव्या त्या टप्प्यापुरतं बदलता येतं. नीडल निवडायला अंदाजपंचे नको. हेडर बनवतानाच कलेक्टरनंतर लॅम्डा सेन्सरचा (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणाऱ्या सेन्सरचा) बुश वेल्ड करून घ्या, तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी साचून सेन्सर मरत नाही. मीटरवर आकडा पेट्रोलच्या हिशेबात न वाचता लॅम्डामध्ये वाचा (लॅम्डा १ म्हणजे इंधन जळायला नेमकी लागेल तेवढी हवा, त्याखाली मिश्रण जाड). पूर्ण ॲक्सिलरेटरला ०.८५ ते ०.९० असावा. इथेनॉल किती आहे याने लॅम्डाच्या आकड्याला फरक पडत नाही.

सेन्सर परवडत नसेल तर प्लग बघा. पॉइंट, टायमिंग ठीक असताना घोडबंदरला मोकळ्या रस्त्यावर जोराने चालवून, इंजिन बंद करून, बाजूला घेऊन प्लग काढायचा. बिस्किटी रंग हवा. पांढरा असेल तर थांबा, व्हॉल्व्ह जळतील.

पाय काढला की मागून फटफट आवाज येतो.

एक्झॉस्टच्या सांध्यातून बाहेरची हवा आत येते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. पोरांना आवडतं. सांधा दुरुस्त करा.

हेडरवर पट्टी गुंडाळावी का?

ट्रॅफिकमध्ये पट्टीचा उपयोग होतो हे खरं. तीन हात नाक्यावर मे महिन्यात पंधरा मिनिटं अडकलात की हेडरच्या वर बसलेल्या कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी बंद पडली की परत चालू होत नाही. पण पट्टी पाणी धरून ठेवते. पावसात भिजलेली पट्टी माइल्ड स्टीलला आतल्या आत खाते आणि कळतं तेव्हा पाइपाला भोक पडलेलं असतं. हेडर बनवणारे कित्येक जण पट्टी लावली की गॅरंटी देत नाहीत.

माझं मत: पट्टीऐवजी सिरॅमिक कोटिंग करा आणि मूळ हीट शील्ड परत लावा. हेडर बसवताना ते शील्ड आड येतं म्हणून काढून माळ्यावर टाकलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. लागेल तिथे कापा, पण लावा.

पावसाळ्यात काय काळजी?

तापलेला हेडर साचलेल्या पाण्यात गेला तर पातळ पाइप आखडतो आणि वेल्डिंगला तडा जाऊ शकतो. बिडाचा मॅनिफोल्डही त्याने फुटतो. खरं तर पाणी साचलेल्या रस्त्यावर ही गाडी काढूच नये.

आवाज फार वाढेल का? सोसायटीवाले तक्रार करतील.

हेडरने आवाजाचा पोत बदलतो, थोडा धातूचा होतो. मोठा होतो तो सायलेन्सर बदलल्याने. मूळ प्रकारचा सायलेन्सर ठेवलात तर शेजाऱ्यांना कळणारही नाही. पोडियम पार्किंगमध्ये मात्र साधा आवाजही घुमतो, तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा ट्यूनिंग करत बसू नका.

आरटीओ आणि पोलिसांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द, इथपर्यंत जाऊ शकतं. सायलेन्सर असणं बंधनकारक आहेच. म्हणून हेडर आणण्याआधी तुमच्या आरटीओत, गाडी एमएच ०४ असो की ४३, लेखी विचारून घ्या.

पीयूसीला जुन्या गाडीला सवलत आहे. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम ही मर्यादा. ट्यूनिंग बरोबर असेल तर एमजीबी यात बसते.

गाडीला व्हिंटेज नंबर घ्यायचा आहे. हेडर आड येईल?

येऊ शकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

व्हीएचा विचार असेल तर तपासणीला मूळ मॅनिफोल्ड लावूनच जा. हेडरसाठी हेड, चेसिस किंवा फ्लोअर कुठेही कापू नका, म्हणजे एका सुट्टीच्या दिवसात सगळं होतं तसं करता येतं.

मग जुना मॅनिफोल्ड ठेवायचा?

अर्थात. त्याचे स्टड, वॉशर, नट सगळं एका डब्यात, मॅनिफोल्डला तेलाचा हात फिरवून गोणपाटात. भंगारवाला किलोने घेईल आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच मागेल.

काम कोणाकडे द्यावं?

ज्याच्याकडे इंची पान्ह्यांचा सेट आणि टॉर्क रेंच आहे, आणि जो फ्लँजची जाडी तुम्ही विचारण्याआधी मोजतो त्याच्याकडे. वेल्डिंग एकाकडे, फेसिंग दुसऱ्याकडे, कार्बोरेटर तिसऱ्याकडे असं झालं तरी हरकत नाही. फक्त गाडी "सोडून जा साहेब, संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. संध्याकाळपर्यंत फार तर जुने स्टड सुटतात.